जत्रेचं इनाम आणि पोरांची गादी

आज पिकाचं नाही, पोरांचं बोलायचंय.

परवा तांदळाच्या गोणी पोचवायला ठाण्याला गेलो होतो. परतताना खोपटच्या एसटी स्टँडवर पुतण्याची वाट बघत थांबलो. पोरगं कॉलेजच्या देशपातळीवरच्या कुस्ती स्पर्धेतून परत येत होतं. उतरलं ते मान खाली घालून. दोन गुणांनी हरलं. चितपट नाही झालं, पण दोनदा पाय गादीच्या रेषेबाहेर गेला, दर वेळी एक गुण समोरच्याला.

आमच्याकडं जत्रेत रेटत कडेला गेलं तर पंच परत मधे आणतात, बास. अठराव्या वर्षापर्यंत त्यानं फक्त लाल माती बघितली. मातीत डाव पडेपर्यंत दम धरता येतो. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मधे तीस सेकंद, आणि प्रत्येक गोष्टीचा गुण. ताकद तीच, पण हिशोब वेगळा.

शेडनेटमधलं रोप आपण थेट रानात लावतो का? आठ दिवस पाणी तोडतो, ऊन दाखवतो, मग लावतो. पोरांना मात्र थेट लावतो, आणि मेलं की रोपाला नावं ठेवतो.

हे खाशाबा जाधवांनाही चुकलं नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा शेतकऱ्याचा मुलगा मातीत तयार झाला. 1948 ला लंडनला गादीवर उतरला आणि सहावा आला. 1952 ला हेलसिंकीत कांस्य घेऊन आला. मधल्या चार वर्षांत तो गादीची कुस्ती शिकला. आणि जायला पैसे नव्हते तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7000 रुपये दिले. गावानंही वर्गणी काढली.

घर गहाण टाका असं मी कुणालाच म्हणत नाही. पण प्रत्येक जत्रेत शेवटच्या कुस्तीला बाहेरचे दोन मोठे पैलवान बोलावतो, मोठं इनाम देतो, फटाके वाजवतो. दुसऱ्या दिवशी गावात काय उरतं? चार-पाच गावांनी मिळून दोन वर्षं ते इनाम निम्मं केलं, तर एखाद्या समाजमंदिरात सरावापुरती गादी पडेल. पुरी 12 बाय 12 मीटरची नको, लहान चालेल.

कुणी म्हणेल, मग माती मोडायची का? अजिबात नाही. महाराष्ट्र केसरीतही माती आणि गादी असे दोन्ही विभाग आहेत. पाठ आणि मनगट मातीच घडवते. आठवड्याला चार दिवस माती, दोन दिवस गादी, एवढंच मागणं.

पुतण्या एसटीत बसल्यावर एवढंच बोलला, "काका, रेषा कुठंय ते पायाला कळतच नाही." ते पायाला कळायला दहाव्या वर्षापासून गादी लागते.

यंदा जत्रा कमिटीच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. तुमच्या गावात कुणी असं केलं असेल तर खर्च आणि देखभाल कशी जमवली ते खाली लिहा. आकडे हातात असले की बैठकीत बोलायला सोपं जातं.