शाळा सोडण्याचे कारण

मैत्रिणींनो, तुमच्या घरी जुन्या लोखंडी पेटीत आईचा किंवा आजीचा शाळेचा दाखला आहे का? असेल तर एकदा काढून बघा. नाव, जात, जन्मतारीख (ती बहुतेकींची गुरुजींनीच अंदाजाने लिहिलेली!), शाळेत आल्याची तारीख, गेल्याची तारीख, आणि खाली एक रकाना : शाळा सोडण्याचे कारण. माझ्या आईच्या दाखल्यावर तिथं एकच शब्द आहे. 'घरकामाकरिता'. आई चौथीत वर्गात दुसरी आली होती. पाचवीचा वर्ग नदीपलीकडच्या गावात होता, एवढंच. आजही ती ओळीखाली बोट ठेवून अख्खं वर्तमानपत्र वाचते, अगदी कापसाच्या भावापर्यंत. दाखल्याचा विषय निघाला की मात्र चहा टाकायला उठते.

हा दाखला मला आठवला तो २०२५ च्या एप्रिलमध्ये. माझी मावसबहीण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहानशा गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. गावाचं नाव मुद्दामच देत नाही, कारण आपल्या प्रत्येक तालुक्यात अशी गावं आहेत. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, दोन खोल्या, अंगणात कडुनिंब. गावाला लागून कोलामांचं पोड, थोडं पुढे बंजाऱ्यांचा तांडा. त्या वर्षी राज्यभर एकाच वेळी, ८ ते २५ एप्रिल, वार्षिक परीक्षा घ्यायच्या ठरल्या. पुण्या-मुंबईत बसून एप्रिलचा शेवटचा आठवडा लिहून टाकणं सोपं आहे हो! आमच्याकडे तेव्हा सकाळी दहालाच रस्ता तापतो. पोरं साताला शाळेत येत, प्रत्येकाच्या डोक्याला रुमाल.

"परीक्षा संपली की ये, मेळावा आहे," बहीण म्हणाली. मला वाटलं, हिवाळ्यात होतो तसा बाल आनंद मेळावा, म्हणजे मुलांनी भेळ, चिवडा आणि बोरं विकायची आणि सगळा माल गुरुजींनीच विकत घ्यायचा. पण हा वेगळा होता. जूनमध्ये पहिलीत येणाऱ्या मुलांसाठीचा शाळापूर्व तयारी मेळावा. 'पहिले पाऊल' नावाचं हे अभियान राज्यात २०२२ पासून सुरू झालं. अंगणवाडीतून निघालेलं मूल आईचं बोट धरून येतं आणि सात टेबलांवरून फिरतं. पहिल्यावर नाव नोंदवायचं. पुढं कुठं दोरीवरून चालायचं, कुठं मणी ओवायचे, चित्र पाहून गोष्ट सांगायची, चिंचोके मोजायचे. शेवटचं टेबल आईसाठी. उन्हाळ्यात घरी मुलाकडून काय काय करून घ्यायचं, ते तिला तिथं समजावतात. त्यासाठी वेगळं काही विकत आणावं लागत नाही. भाजी निवडताना शेंगा मोजायला लावल्या तरी चालतं.

टेबलांवर मदतीला चौथीच्या मुली होत्या. त्यातली एक माझ्या मनात राहिली. दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि आवाज असा की मॅडमच वाटावी. पोडावरची एक चिमुकली चित्रासमोर मुकाट उभी होती. बहीण विचारून थकली. मग ही लाल रिबीनवाली खाली बसली, कोलामीत दोन वाक्यं बोलली आणि चिमुकलीचं तोंड असं सुटलं की थांबेना! घरी कोलामी, गोंडी किंवा गोरमाटी बोलणारं मूल पहिलीत येतं तेव्हा मराठी ही त्याच्यासाठी परकी भाषाच असते. आपण मात्र पटकन म्हणून मोकळे होतो, 'हे पोरगं बोलतच नाही.' बहीण म्हणाली, "माझी अर्धी पहिली हीच शिकवते." मी विचारलं, पुढच्या वर्षी? बहीण काही बोलली नाही.

मग आला १ मे. झेंडावंदन झालं, महाराष्ट्र दिनाचं भाषण झालं आणि निकाल. एकेक नाव, एकेक टाळी. नंतर चौथीचा निरोप समारंभ. पाहुणे तासभर उशिरा आले, तोवर सरबत कोमट झालं. चार मुली आणि तीन मुलं रांगेत बसली होती. मुलींनी आयांच्या साड्या नेसलेल्या, पदर सावरताना जीव मेटाकुटीला. आजकाल चौथीलाही निरोप समारंभ करतात, याची मला गंमत वाटत आली होती. त्या दिवशी वाटली नाही. काही मुलींचा हा एकमेव निरोप असतो.

प्रगतिपत्रकावर सही करायला आया आल्या. "पास झाली ना मॅडम? मंग झालं." सही, घडी, पिशवीत. माझं ऐका, चौथीच्या 'पास'वर इतकं समाधानी होऊ नका. २०१० पासून आकारिक आणि संकलित मूल्यमापन आलं, गुणांच्या जागी श्रेणी आली, आणि शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत नापास करणंच थांबवलं होतं. २०१९ ला केंद्रानं कायदा बदलला, २०२३ ला महाराष्ट्रानंही पाचवी आणि आठवीच्या शेवटी पुन्हा परीक्षेची अट आणली. म्हणजे खरी कसोटी चौथीनंतर आहे. घरी गेल्यावर लेकीला या पुरवणीतला एक परिच्छेद वाचायला द्या, किराण्याच्या चिठ्ठीची बेरीज करायला सांगा. प्रगतिपत्रकापेक्षा ते जास्त बोलेल.

तर, सगळ्या आयांना बसवून बहिणीनं विचारलं, "पाचवीला कुठं?"

मुलांच्या आयांनी पटापट सांगितलं. एकाची काकाकडे शहरात सोय, दोघं मोठ्या गावच्या शाळेत. मुलींच्या आया एकमेकींकडे बघायला लागल्या. मोठं गाव चार किलोमीटर. मध्ये नाला. एसटी थांबते ती फाट्यावर, तो दोन किलोमीटर. एक जण बोलली, "पावसायात नाल्याले पूर येते मॅडम. माही पोरगी वाहून गेली त कोन आनून देईन?" दुसरी म्हणाली, "दिवाईपासून मी वेचाले जातो. धाकल्याले कोन सांभायन?"

यात काही खोटं आहे का? नाही. म्हणून मला त्या आयांवर उपदेश करणाऱ्या लेखांचा राग येतो. कापूस वेचणीचे तीन-चार महिने हीच त्यांच्या हातात रोख पैसा येण्याची वेळ. पण नाला आईच्या वेळीही होता, अजूनही आहे, आणि प्रत्येक वेळी तो मुलीलाच आडवा येतो, मुलाला नाही, हेही तितकंच खरं.

कायदा काय म्हणतो ते बहिणीनं तिथंच सांगितलं. तुम्हीही कापून ठेवा. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळा बदलायचा हक्क आहे. दाखला लगेच मिळाला पाहिजे, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. ग्रामीण भागातल्या मुलींना पाचवी ते बारावी एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत आहे. शाळा लांब असेल तर समग्र शिक्षा योजनेत वाहतुकीसाठी मुलामागे वर्षाला ६००० रुपयांपर्यंत तरतूद आहे. आणि पाचवीत असताना घाटंजी तालुक्यातल्या बेलोऱ्याच्या जवाहर नवोदय विद्यालयाची परीक्षा देता येते. सहावीपासून राहणं, जेवण, शिक्षण सगळं मोफत, मुलींना निदान एक तृतीयांश जागा. पण त्यासाठी मुलगी पाचवीत तर हवी!

आता हे मागायचं कुणी? शाळा व्यवस्थापन समितीनं. कायद्यानं या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या बायका. बहिणीनं नावं वाचली तर समोरचीच एक आई दचकली. "मी समितीत हाय? मले त वाटे, खिचडीसाठी सही लागते!" सगळ्या हसल्या, तीही हसली. दोन वर्षं सह्या करत होती बिचारी. हसू नका, तुमच्या गावच्या समितीत कोण आहे ते आधी बघा. कदाचित तुम्हीच असाल.

मेच्या उन्हात त्या दोन-तीन बायकांनी खरंच बैठक घेतली, ठराव लिहिला, वाहतूक भत्त्याचा अर्ज तालुक्याला पाठवला. अर्ज त्याच्या चालीनं चालणार, म्हणून तोवरची सोयही केली. पोरींनी एकत्रच जायचं. पावसाळ्यात नाल्यापर्यंत घरटी एका मोठ्या माणसानं पाळीपाळीनं सोबत जायचं. नाल्याला पाणी असेल त्या दिवशी खुशाल घरी राहायचं, तिकडच्या मुख्याध्यापकांना तसं सांगून ठेवलेलं. वेचणीचं काय? "दिवाळीनंतर बघू," असंच त्यांनी ठेवलं. त्यावर मलाही उत्तर सापडलं नाही.

आणखी एक काळजी बहिणीला होती, ती मात्र तिनं आयांना सांगितली नाही. सात मुलं गेली, पहिलीत पाच आली. पट घसरतो. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी मुलं असलेल्या १३१४ शाळा बंद करायचं सरकारनं जाहीर केलं होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपर्यंत पट असलेल्या शाळांची समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले होते. उद्या इथली शाळा गेली तर नाला ओलांडावा लागेल तो सहा वर्षांच्या लेकरांना.

राज्यात शाळा १६ जूनला सुरू झाल्या, आमच्या विदर्भात उन्हामुळे २३ ला. चारपैकी तिघी मोठ्या गावच्या शाळेत बसल्या. लाल रिबीनवालीचं नाव मात्र कुठंच दिसेना. आता सगळं संगणकावर असतं. मूल एका शाळेतून निघालं आणि दुसऱ्या शाळेनं घेतलं नाही, तर त्याचं नाव 'ड्रॉप बॉक्स' नावाच्या कप्प्यात पडून राहतं. बहीण रोज कप्पा उघडून बघायची. घरी विचारलं तर "मामाच्या गावी गेली," एवढंच उत्तर. ऑगस्ट उजाडला.

तान्ह्या पोळ्याला आम्ही दोघी मामाच्या गावी गेलो. बहिणीच्या पर्समध्ये दाखला तयार होता, कारणाच्या रकान्यात 'पुढील शिक्षणासाठी' लिहिलेलं. माझ्या डोळ्यांसमोर मात्र आईच्या दाखल्यावरचा तोच शब्द. मामाचं लेकरू सांभाळायला नेली असणार, दुसरं काय! मी वाटेत तसं बोललेही.

ती अंगणात लाकडी नंदी सजवत बसली होती, कडेवर मामेभाऊ नव्हता. मामी म्हणाली, "शाळेत जाते ना ते. घरामागंच सातवीलोग शाळा हाय, म्हनून त तिच्या मायनं इथं धाडली." तिथल्या गुरुजींनी तिला वर्गात बसवून घेतलं होतं, फक्त कागदपत्रं कुणी नेली नव्हती. म्हणजे त्या माऊलीनं नाला, एसटी, अर्ज, कशाचीच वाट न बघता आपला मार्ग काढला होता. तो तिनं आम्हाला सांगितला नाही इतकंच. मला माझ्याच तोंडची वाटेतली वाक्यं आठवून लाज वाटली.

दाखला मामीच्या हाती दिला. सोमवारी शाळेत द्यायचा, हे तीनदा सांगितलं. निघताना ती पोर फाटकापर्यंत आली आणि बहिणीला म्हणाली, "मॅडम, थ्या लहान पोट्टीले आता कोन समजावून सांगते?"