खेळ हातात, किल्ली दुसऱ्याच्या

सत्तरचे दशक सरत आले होते. जपानच्या शिंकान्सेन गाडीत एक कचेरीतला नोकरदार वेळ जात नाही म्हणून गणकयंत्राची बटणे उगाचच दाबीत बसला होता. गुन्पेई योकोई नावाच्या एका तंत्रज्ञाची नजर त्याच्यावर पडली आणि त्या क्षणी आपल्याला खिशात मावणाऱ्या खेळाची कल्पना सुचली, असे योकोई पुढे सांगत असे. १९८० साली ‘गेम अँड वॉच’ बाजारात आला. दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसत्या अंगठ्यांनी खेळता यावा, शेजारच्या प्रवाशाच्या डोळ्यांत भरू नये, प्रौढ माणसाला लाज वाटू नये, अशी त्याची घडण मुद्दाम ठेवलेली होती. ही कथा येथे सांगण्याचे कारण एवढेच की, हातातल्या व्हिडिओ गेमचा पहिला कल्पिलेला गिऱ्हाईक शाळकरी पोर नव्हता. तो कामावरून थकून परतणारा पगारी माणूस होता.

तरीही चाळिशीतला एखादा गृहस्थ लोकलमध्ये असे यंत्र हाती घेऊन बसला की भोवतालच्या चेहऱ्यांवर जे स्मित उमटते, त्यात कीव अधिक असते. हाच गृहस्थ पत्ते कुटीत बसला असता तर कोणी वळूनही पाहिले नसते. बुद्धिबळाचा पट मांडला असता तर आदरच वाढला असता. अमेरिकेतील व्हिडिओ गेम उद्योगाच्या संघटनेने २०२४ साली केलेल्या पाहणीत खेळणाऱ्यांचे सरासरी वय ३६ भरले. पोरखेळ म्हणावयाचा तर ही पोरे बरीच मोठी झाली म्हणावयाची!

चळवळीतल्या मंडळींचा आक्षेप याहून गंभीर असतो. जग पेटलेले असताना जाणत्या माणसाने पडद्यावरच्या ठोकळ्यांत मन रमवावे, ही भांडवलशाहीने दिलेली गुंगी नव्हे काय, असे ते विचारतात. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही, परंतु तो चुकीच्या जागी केला जातो. कामगाराला फुरसत कशासाठी हवी, याचे उत्तर ‘सभेला येण्यासाठी’ एवढेच असते तर आठवड्याच्या सुटीची मागणीही अपुरीच म्हणावी लागली असती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ सालापासून मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने जी मागणी लावून धरली, तिच्यामुळे १८९० साली रविवारची सुटी पदरात पडली. त्या रविवारी कामगाराने काय करावे याचा हुकूम कोणी काढला नव्हता. कोणी देवदर्शनाला गेला असेल, कोणी आखाड्यात, कोणी नुसताच झोपला असेल. मालकाने हिरावलेला वेळ परत मिळविणे हा हक्क होता, आणि हक्काच्या वेळाचा जाब मागण्याचा अधिकार जसा मालकाला नाही तसा पुढाऱ्यालाही नाही.

योकोई हा स्वतः कारखान्यातूनच वर आलेला. निन्टेंडो ही कंपनी १८८९ साली क्योतो येथे हानाफुदा नावाचे पत्ते बनविण्यासाठी निघाली. योकोई १९६५ साली तेथे नोकरीस लागला तो पत्ते तयार करणाऱ्या यंत्रांची देखभाल करणारा म्हणून. रिकाम्या वेळात त्याने स्वतःच्या करमणुकीसाठी लांबून वस्तू पकडणारा एक लाकडी चिमटा तयार केला. तो कंपनीच्या अध्यक्षांच्या दृष्टीस पडला आणि १९६६ साली ‘अल्ट्रा हँड’ या नावाने त्याचे खेळणे होऊन दहा लाखांवर खपले. कामगाराच्या फुरसतीतली गंमत मालकाच्या वहीत माल म्हणून कशी चढते, याचा याहून नेटका दाखला शोधून सापडणार नाही.

योकोईचे तत्त्वही ध्यानात घेण्याजोगे आहे. नव्यातले नवे तंत्र वापरू नये. जे जुने होऊन स्वस्त आणि भरवशाचे झाले आहे, तेच वेगळ्या कामी लावावे. ‘गेम अँड वॉच’साठी गणकयंत्राचाच द्रवस्फटिकाचा पडदा घेतला गेला, कारण गणकयंत्रांच्या स्पर्धेत त्याची किंमत घसरली होती. १९८९ साली आलेल्या ‘गेम बॉय’ला रंग नव्हते. हिरवट पडद्यावर करड्या रंगाच्या चार छटा, एवढाच त्याचा संसार. त्यानंतर आलेल्या सेगा कंपनीच्या ‘गेम गियर’ला रंगीत, उजळ पडदा होता. परंतु त्याला सहा सेल लागत आणि ते काही तासांतच मान टाकीत. गेम बॉय चार सेलांवर त्याच्या कितीतरी पट चाले. सेल पदरच्या पैशांतून घेणाऱ्या माणसाला हा हिशेब ताबडतोब कळला. गेम बॉय आणि त्याची पुढची रंगीत आवृत्ती मिळून सुमारे ११ कोटी ८७ लाख यंत्रे खपली. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या जत्रांतून आणि रस्त्याकडेच्या पथाऱ्यांवरून ‘९९९९ खेळ एकात’ अशी जाहिरात करणारी जी स्वस्त ‘ब्रिक गेम’ यंत्रे मिळत, ती या वंशाचीच अनौरस संतती. त्यांत खेळ पाच-सहाच असत, आकडा तेवढा फुगवलेला असे. पण घराघरांत ती मुलांनी कमी आणि मोठ्यांनी जास्त खेळली, हे त्या काळचे कोणीही सांगेल.

या साऱ्यांच्या मुळाशी असलेला खेळ, म्हणजे ‘टेट्रिस’, १९८४ साली मॉस्कोत सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सी पाजित्नोव्ह याने नोकरी सांभाळून रचला. १९८९च्या फेब्रुवारीत हेंक रॉजर्स मॉस्कोला गेला आणि हातातल्या यंत्रासाठीचे हक्क मिळवून परतला. गेम बॉयवरील टेट्रिसच्या सुमारे साडेतीन कोटी प्रती खपल्या. पाजित्नोव्हने मात्र आपले हक्क दहा वर्षांसाठी केंद्राला लिहून दिले होते. १९९६ साल उजाडेपर्यंत त्याच्या वाट्याला या विक्रीतून मानधनाचा पैसा आला नाही. समाजवादाच्या नावाने चाललेल्या राज्यात निर्मात्याचे श्रम राज्याच्या व्यापारी महामंडळाने विकले आणि नफा क्योतोला गेला, ही गोष्ट पक्षाच्या कार्यकर्त्यांनी लपविण्याचे कारण नाही. त्याच सोव्हिएत देशात १९८४ साली निन्टेंडोच्या एका खेळाची हुबेहूब नक्कल करून, लांडगा अंडी झेलतो असे ‘एलेक्ट्रोनिका’चे यंत्र विकले जाऊ लागले. त्या वेळी कोणी कोणाला परवानगी विचारली नव्हती.

प्रौढ माणसाला ही यंत्रे का आवडतात, याचे उत्तर त्याच्या दिवसाच्या रचनेत आहे. त्याची फुरसत सलग नसते. गाडी येईपर्यंतची दहा मिनिटे, दवाखान्यातल्या बाकावरचा अर्धा तास, मूल झोपल्यानंतर स्वतःला झोप येईपर्यंतचा अवधी, अशा तुकड्यांत ती सापडते. २००४ साली आलेले ‘निन्टेंडो डीएस’ वहीसारखे मिटले की खेळ होता तेथेच थांबे, आणि उघडले की तेथूनच पुढे सुरू होई. २००५ साली जपानात त्याच्यासाठी आलेल्या मेंदूच्या व्यायामाच्या खेळाच्या नावातच ‘मोठ्यांसाठी’ हा शब्द होता. (त्या व्यायामाने बुद्धी किती वाढली, हा भाग वेगळा.) ते यंत्र सुमारे १५ कोटी ४० लाखांच्या घरात खपले. २००९ साली ‘ड्रॅगन क्वेस्ट’ मालिकेचा नववा खेळ आला, तेव्हा कचेरीचे पोशाख घातलेले लोक तोक्योच्या अकिहाबारा भागात केवळ एकमेकांच्या जवळून जाण्यासाठी गर्दी करीत, कारण जवळून जाणाऱ्या दोन यंत्रांमध्ये खेळातला मजकूर आपोआप बदलला जाई. अनोळखी माणसांना एका ठिकाणी जमवणारी करमणूक ही काही सर्वस्वी टाकाऊ वस्तू नव्हे.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. फोनवरील पुष्कळसे खेळ माणसाची फुरसत भरण्यासाठी नसून ती खरवडून घेण्यासाठी बनविलेले असतात. दर दहा मिनिटांनी जाहिरात, दर पायरीला पैशाची मागणी, आणि पुढे सरळ जुगार. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांनी इतकी घरे पोळली की ऑगस्ट २०२५मध्ये संसदेला त्यांवर बंदी घालणारा कायदा करावा लागला. एकदाच विकत घ्यावयाचा, पुढे एक पैही न मागणारा आणि संपला की संपला असा कार्ट्रिजमधला खेळ या पंक्तीत बसत नाही. त्या खेळाला शेवट असतो, ही साधी गोष्ट आज दुर्मीळ होऊन बसली आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळावयास हवे, तो मालकीचा. हौशी खेळणाऱ्यांचा खरा जीव यंत्रात नसतो, त्यांनी वर्षानुवर्षे जमविलेल्या खेळांच्या संग्रहात असतो. फळीवर ओळीने लावलेली कार्ट्रिजे हे त्यांचे खाजगी ग्रंथालय. कार्ट्रिज मित्राला देता येते, जुन्या बाजारात विकता येते, मुलाच्या हवाली करता येते. दुकानदार बंद पडला, कंपनी बुडाली, तरी ते चालते. त्याच्या आत खेळाची नोंद जपणारी नाण्याएवढी बॅटरी असते, ती पंधरा-वीस वर्षांनी मरते आणि तिच्याबरोबर जुन्या नोंदी जातात. पण डाग देण्याची कांडी हाती घेऊन ती बदलणारी माणसे गावोगावी आहेत. जुन्या गेम बॉयला नवा उजळ पडदा आणि नवे कवच चढविणाऱ्या हौशी मंडळींनी योकोईच्या यंत्राला त्याच्या मृत्यूनंतर (तो १९९७ साली रस्त्यावरील अपघातात गेला) दुसरा जन्म दिला आहे.

या मालकीलाच आता सुरुंग लागत आहे. खेळ दुकानातून न घेता तारेवरून उतरवून घेण्याची सोय झाली, तेव्हा ती सोयच वाटली. मग २७ मार्च २०२३ रोजी निन्टेंडोने आपल्या ‘३डीएस’ यंत्राचे ऑनलाइन दुकान बंद केले. ज्यांनी आधी पैसे भरले होते त्यांना आपले खेळ पुन्हा उतरवून घेण्याची मुभा ठेवली, पण जे खेळ केवळ त्याच दुकानात होते ते नव्या माणसाला विकत मिळण्याचा रस्ता संपला. सोनी कंपनीनेही मार्च २०२१मध्ये आपल्या हातातल्या यंत्रांची दुकाने मिटण्याचे जाहीर केले होते. ओरड इतकी झाली की एप्रिलमध्ये ‘व्हिटा’पुरता निर्णय मागे घ्यावा लागला. जून २०२५मध्ये आलेल्या ‘स्विच २’ यंत्रासाठी तर एक नवाच प्रकार निघाला आहे. डबीतून कार्ट्रिज निघते, पण त्यात खेळ नसतो. असते ती नुसती किल्ली. ती यंत्रात घालून खेळ कंपनीच्या कोठारातून उतरवावयाचा. ही किल्ली दुसऱ्याला विकता येते, हे कबूल केले पाहिजे. परंतु ज्या कोठाराची ती किल्ली, त्याचा दरवाजा कधी भिंत होईल हे ठरविणे गिऱ्हाइकाच्या हाती नाही. कॅलिफोर्निया राज्याने २०२५च्या आरंभापासून विक्रेत्यांवर असे बंधन घातले आहे की, असा माल विकताना तो मालकी नसून केवळ परवाना आहे हे स्पष्ट सांगावे. चोरी थांबविली नाही, पाटी लावावयास सांगितले.

एका पिढीची सारी करमणूक अशी पुसली जाणे हा केवळ हौशी माणसांचा तोटा नव्हे. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली पाहणी केली, तेव्हा त्या देशात २०१०पूर्वी निघालेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के खेळ आज बाजारात मिळत नाहीत असे आढळले. गेम बॉयच्या खेळांत तर मिळणाऱ्यांचे प्रमाण सहा टक्क्यांच्याही आत होते. ग्रंथालयांनी आणि संग्रहालयांनी असे खेळ अभ्यासकांना घरबसल्या पाहू द्यावेत, अशी मागणी झाली; ऑक्टोबर २०२४मध्ये तेथील स्वामित्वहक्क कार्यालयाने ती नाकारली. संशोधनाच्या मिषाने लोक मजेसाठी खेळतील, ही उद्योगाची भीती मान्य झाली. ग्रंथालयातली कादंबरी लोक मजेसाठी वाचतात म्हणून ग्रंथालये बंद करावीत, असे अद्याप कोणी सुचविलेले नाही. आणि मग कंपन्यांनी विकावयाचे सोडून दिलेले खेळ लोक नकलांच्या रूपाने जपतात, तेव्हा त्यांना चोर म्हटले जाते. आजच्या बाजारात विकला जाणारा, ज्यावर कोणाचे पोट चालते असा खेळ फुकट उचलणे वेगळे. आणि मालकाने कोनाड्यात टाकून दिलेला खेळ वाळवीपासून वाचविणे वेगळे. कायद्याला हा फरक दिसत नसेल तर कायदा बदलला पाहिजे.

तो बदलता येतो. फ्रान्समध्ये १९९२च्या कायद्याने व्हिडिओ गेमची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करणे प्रकाशकांवर बंधनकारक झाले. महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला तेव्हा त्याच्यासमोर पुस्तके आणि नियतकालिके होती. पुण्या-मुंबईत आज जी तरुण मंडळी खेळ रचतात त्यांच्या कृतींची प्रत ठेवण्याची जागा कोणत्या सरकारी इमारतीत आहे, हा प्रश्न कोणा आमदाराने विधिमंडळात विचारावयास हरकत नाही.

या आनंदाची एक बाजू खेळणाऱ्यांच्या नजरेआड राहते, तीही येथेच नोंदविली पाहिजे. निन्टेंडोसह अनेक कंपन्यांची यंत्रे जुळविणाऱ्या फॉक्सकॉनला, चीनमधील यान्ताई येथील आपल्या कारखान्यात १४ वर्षांची मुले उमेदवार म्हणून कामाला लावली गेल्याची कबुली २०१२ साली द्यावी लागली. मोठ्यांच्या हातातले खेळणे मुलांनी जुळवावे, यातला उपरोध कोणत्याही अग्रलेखाच्या शक्तीपलीकडचा आहे. म्हणून यंत्र टाकून द्यावे असे नव्हे. पण दर दोन वर्षांनी नवे घेण्याऐवजी असलेले दुरुस्त करून वापरणारा, त्याचे सुटे भाग आणि नकाशे खुले करा म्हणून कंपनीच्या मागे लागणारा गिऱ्हाईक त्या मुलांच्या बाजूला अधिक जवळ उभा असतो.

युरोपात असे गिऱ्हाईक संघटित होऊ लागले आहेत. २०२४च्या मार्च महिन्यात युबिसॉफ्ट कंपनीने ‘द क्रू’ हा खेळ बंद केला. पैसे मोजून घेतलेल्यांच्या हाती रिकामी डबी राहिली. त्यानंतर विकलेला खेळ निकामी करण्यास बंदी घाला, अशी नागरिकांची याचिका युरोपीय संघाकडे सुरू झाली आणि जुलै २०२५पर्यंत तिच्यावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. सह्या करणारे बहुतेक कोणत्याही पक्षाचे नाहीत. मालकी, श्रम, सार्वजनिक ठेवा हे शब्द त्यांनी कोणत्याही शिबिरात ऐकलेले नाहीत; ते त्यांना आपल्या फळीवरच्या रिकाम्या डब्या पाहून सुचले.