अंगाबेताची सायकल

आमच्या स्नेह्यांपैकीं एका कुटुंबांत गेले दोन महिने एक वाद चालला होता. घरांतील एक मुलगा उच्च शिक्षणासाठीं अमेरिकेंत, कॅलिफोर्निया संस्थानांत, असतो. तो रोज दहा-बारा मैल सायकलीवरून जातो, आणि हल्लीं त्याची पाठ व मनगटें दुखूं लागलीं आहेत. तेथील एक कारागीर गिऱ्हाइकाचें माप घेऊन त्याच्यापुरता ॲल्युमिनियमचा सांगाडा घडवून देतो. तसा आपण करवून घ्यावा, असें मुलानें घरीं कळविलें व पैसे मागितले. एकट्या सांगाड्याची किंमत इतकी कीं, तेवढ्यांत त्याच धातूची सबंध तयार सायकल सहज यावी. थोरले काका म्हणाले, “ही निव्वळ चैन आहे.” आजी म्हणाल्या, “पोराची पाठ दुखते आहे, पैसे पाठवा.” अखेर निवाड्याचें काम आमच्याकडे आलें. मापाची सायकल मिळविण्याची इच्छा आज इतर घरांतूनहि दिसूं लागली असल्यामुळें आम्हीं केलेला विचार येथें मांडीत आहों.

ज्या धातूच्या भांड्यांस आपल्या घरांतून ‘जर्मनचीं भांडीं’ म्हणत, तोच हा धातु. पोलाद एका घन सेंटिमीटरास सुमारें ७.८५ ग्रॅम भरतें, तर हा २.७ ग्रॅम. परंतु वजनाप्रमाणें त्याची ताठरताहि पोलादाच्या सुमारें एकतृतीयांशच आहे. म्हणून पोलादी सायकलीइतक्याच बारीक नळ्या वापरल्या, तर सायकल हलकी होते खरी, पण पायाच्या जोरासरशी लवते. यावर तोड एकच, ती म्हणजे नळीचा व्यास वाढविणें. पत्र्याची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर वजन दुप्पट होतें, पण न वांकण्याची शक्ति सुमारें आठपट होते. गॅरी क्लाइन यांनीं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथें विद्यार्थी असतां, १९७० नंतरच्या दशकांत, या रुंद नळीच्या दिशेनें प्रयोग आरंभिले. आणि १९८३ मध्यें कॅननडेल कंपनीनें तशा सायकली बाजारांत आणल्या. आज दिसणाऱ्या जाड नळ्यांचें कारण हें आहे.

आतां किंमतीची गोष्ट. सायकलीसाठीं नेहमीं वापरली जाणारी ६०६१ या अंकाची मिश्रधातु म्यॅग्नेशियम व सिलिकॉन यांच्या योगानें बळकट झालेली असते. परंतु नळ्या वितळवून जोडल्या कीं, जोडाजवळची बळकटी निम्म्यापर्यंत उतरते. ती परत आणण्यासाठीं सबंध सांगाडा भट्टींत सुमारें ५३० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवून एकदम थंड करावा लागतो. त्या वेळीं तो मऊ असतो व थोडाफार पिळवटतोहि. तेवढ्या अवधींत तो सरळ करून घ्यावयाचा, आणि मग कमी उष्णतेवर कित्येक तास ठेवून मुरवावयाचा. मोठ्या कारखान्यांत हें काम एका वेळीं अनेक सांगाड्यांचें होतें, त्यामुळें एकावर खर्च थोडा पडतो. एकट्या कारागिरास त्याच भट्टीचा खर्च एका-दोघां गिऱ्हाइकांवर टाकावा लागतो. कांहीं कारागीर ७००५ ही जस्तयुक्त मिश्रधातु घेऊन पहिली प्रखर भट्टी टाळतात, तथापि मुरविणें चुकत नाहीं. तेव्हां तो लुबाडतो असें मुळींच नव्हे. त्याचे कष्ट व खर्च खरे आहेत.

परंतु खरा प्रश्न असा कीं, त्या जादा पैशांत आपणांस काय मिळतें? धातु वरच्या प्रतीची मिळत नाहीं. उलट, द्रवाच्या दाबानें नळीस हवा तो आकार देण्याचीं यंत्रें मोठ्या कारखान्यांपाशींच असतात. तीं एकट्या कारागिरास परवडत नाहींत. हादरे कमी बसतील म्हणावें, तर तें काम सांगाड्यापेक्षां टायर अधिक करतात. रुंद टायर घालून हवा थोडी कमी ठेवली कीं पुष्कळ आराम पडतो. मिळतें तें केवळ माप. म्हणजे आपण पैसे देतों ते मापाचे, धातूचे नव्हेत.

एकत्र कुटुंबानें आणखी दोन गोष्टी ध्यानांत धरावयास हव्यात. तयार सायकलीची सीट वर-खालीं करून तिच्यावर तीन भाऊ आलटून-पालटून बसतात. अंगाबेताची सायकल एकाच अंगाची. वाढत्या मुलासाठीं ती करविणें म्हणजे मुंजीच्या मापानें लग्नाचा कोट शिवण्यासारखें आहे. दुसरें असें कीं, पोलादी सांगाडा मोडला तर झाळून दुरुस्त होतो. ॲल्युमिनियमला चीर गेली, तर सांधतांना जोडाची बळकटी पुन्हां उतरते, म्हणून बहुधा तो टाकूनच द्यावा लागतो. पोलादावरील ताण एका मर्यादेखालीं राहिला तर तें थकत नाहीं. या धातूस तशी मर्यादा नाहीं. उत्तम बांधलेला सांगाडा पुष्कळ वर्षें टिकतो, परंतु तो नातवासाठीं ठेवण्याची वस्तु नव्हे.

व्याकरणांत उत्सर्ग व अपवाद असे दोन प्रकार आम्ही मुलांस शिकवीत असूं. अपवाद आपल्या क्षेत्रांत उत्सर्गाहून बलवान् असतो. पण त्या क्षेत्राबाहेर त्याचा अधिकार नाहीं. येथेंहि तसेंच आहे. ज्याची उंची तयार मापांच्या बाहेर जाते, ज्याचे दोन पाय असमान आहेत, किंवा ज्याचे पाय फार लांब व धड फार आंखूड आहे, त्यानें मापाचा सांगाडा अवश्य करवावा. तरीहि त्यानें प्रथम पोलादाचा विचार करावा; कारण एकेक सांगाडा हातानें घडविण्यास तें अधिक सोयीचें आहे. अशा मनुष्यास शर्यतीसाठीं ताठ व हलकी सायकल हवी असेल, तरच ॲल्युमिनियमकडे वळावें. आणि पैसे देण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे: मिश्रधातु कोणती, भट्टीचें काम कोण करतो, आणि चीर गेल्यास लेखी हमी काय?

मुलास आम्हीं एवढेंच लिहिलें कीं, कारागिराकडे जाण्यापूर्वीं एखाद्या जाणत्या दुकानदाराकडून आपलें माप घेववावें, व तें आज वापरांत असलेल्या सायकलीशीं ताडून पाहावें. उत्तर पंधरा दिवसांनीं आलें. देशीं परतणाऱ्या एका विद्यार्थ्याकडून त्यानें जुनी सायकल स्वस्तांत घेतली होती. ती त्याच्या उंचीस दोन मापांनीं लहान निघाली! पाठीचें दुखणें तेथें होतें. तयार सायकलींतील मोठें माप त्यास बरोबर बसलें. हँडलचा दांडा तेवढा बदलावा लागला. मापाच्या सांगाड्यास लागली असती त्याहून कमी रकमेंत सबंध सायकल आली, आणि पत्र लिहितांना पाठ दुखत नव्हती.

काकांस आपलेंच म्हणणें खरें ठरलें असें वाटतें. आम्हांस मात्र आजींचें अधिक पटतें. दुखणें खरें होतें, आणि पैसे पाठवावेच लागले.