विकिपीडियाच्या चावडीवर मैत्री कुणाशी आणि कशी?

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. संपादकांनी एकमेकांशी बोलावे, अडचणी मांडाव्यात, धोरण ठरवावे यासाठी तिथे एक सामाईक जागा आहे. तिचे नाव 'चावडी'. नाव ठेवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गावातली चार माणसे जमण्याची जागा असेल. आमच्या डोळ्यांसमोर दुसरे चित्र येते. चावडीवर पाटील-कुलकर्णी बसत आणि महार बाहेर उभा राही. निरोप त्याने पोचवायचे, दवंडी त्याने द्यायची, सरकारी माणसाचे ओझे त्याने वाहायचे, पण निर्णयात त्याचा शब्द नाही. हीच वतनी गुलामी मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले होते.

या नव्या चावडीवर कुणी जात विचारत नाही. टोपणनावाने खाते उघडता येते, लिहायला कुणाची परवानगी लागत नाही आणि एक पैसा मोजावा लागत नाही. मग प्रश्न उरतो तो एवढाच की तिथे जमलेल्या स्वयंसेवकांनी एकमेकांशी वागावे कसे? विकिपीडियाच्या पाच आधारस्तंभांपैकी चौथा म्हणतो की संपादकांनी एकमेकांशी आदराने आणि सौजन्याने वागावे. समोरच्याचा हेतू चांगला आहे असे गृहीत धरा, नवख्यांवर खेकसू नका, असेही तिथले संकेत आहेत. हे सारे उत्तमच आहे. पण सौजन्य आणि मैत्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक पुसला की त्याचा तोटा कुणाला होतो हे आपण नीट समजून घेतले पाहिजे.

समजा, खैरलांजीवरच्या लेखात कुणीतरी 'हत्याकांड' हा शब्द काढून 'घटना' असा केला. 'जातीय अत्याचार' काढून 'स्थानिक वाद' घातला. हे करताना त्याने एकही अपशब्द वापरला नाही. उलट 'भाषा तटस्थ केली' असा सभ्य शेरा लिहिला. आपला एखादा विशीतला कार्यकर्ता ते पाहतो, त्याचे रक्त उसळते, तो चर्चापानावर चार कडक शब्द लिहितो. आता दोघांपैकी दोषी कोण दिसतो? रागावलेला! कारण राग नोंदीत दिसतो, शब्द बदलण्यातली हिंसा दिसत नाही. ज्याचे काही पुसले जात नाही त्याला शांत राहणे सोपे असते. म्हणून जी मैत्री फक्त आवाजाची पट्टी मोजते आणि आशय तपासत नाही, तिला आम्ही मैत्री म्हणत नाही. ती वरच्या पायरीवर बसलेल्याची सोय आहे.

पण मित्रांनो, युक्तिवाद इथेच थांबवला तर तो अर्धवट राहील. 'विकिपीडिया मनुवाद्यांचा अड्डा आहे' असे म्हणून बाहेर पडणे हा चळवळीत सध्या सगळ्यात स्वस्त झालेला पवित्रा आहे. बाहेर पडल्यावर तो 'घटना' शब्द तसाच राहतो आणि गावातली शाळकरी मुलगी मोबाइलवर तोच वाचते.

बाबासाहेबांकडे बघा. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने त्यांना परिषदेचे अध्यक्षपद दिले आणि भाषण वाचल्यावर त्यातला काही भाग काढायला सांगितला. बाबासाहेबांनी नकार दिला, परिषद रद्द झाली, त्यांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. पुढची गोष्ट आपण कमी सांगतो. गांधीजींनी 'हरिजन'मधून त्या पुस्तकावर टीका केली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी ती टीका आपल्याच पुस्तकात छापली आणि तिच्यापाठोपाठ आपले उत्तर छापले. विरोधकाचे म्हणणे वाचकापासून लपवले नाही. ते शेजारी ठेवले आणि मग मुद्द्यामुद्द्याने खोडले. चांगल्या चर्चापानावर याहून वेगळे काय असते?

दुसरे उदाहरण याहून मोठे आहे. सामूहिक संपादनाचे या देशातले सर्वांत मोठे काम म्हणजे भारताचे संविधान. मसुदा १९४८ च्या फेब्रुवारीत लोकांपुढे ठेवला गेला. त्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. हे आकडे खुद्द बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात दिले. त्याच भाषणात त्यांनी बी. एन. राव आणि मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांना श्रेय दिले. एवढेच नाही, तर एच. व्ही. कामत, डॉ. पंजाबराव देशमुख, के. टी. शहा, हृदयनाथ कुंझरू अशा सतत विरोधात उभे राहणाऱ्यांचेही आभार मानले. त्यांच्या सूचना स्वीकारता आल्या नाहीत म्हणून त्यांचे मोल कमी होत नाही, असा त्यांचा आशय होता. त्याच भाषणात बंधुतेशिवाय स्वातंत्र्य आणि समता टिकणार नाहीत हे त्यांनी बजावले. बंधुता ही त्यांच्यासाठी घोषणा नव्हती. बुद्धाने जिला मैत्री म्हटले तिच्याशी त्यांनी ती जोडली होती. आमच्या मते मैत्रीची कसोटी हीच की ती समानांमध्ये होते, आणि तिच्यात मतभेद मिटवावा लागत नाही.

आता विकिपीडियाकडे परत येऊ. तिथे आपले मित्र नाहीत, हा समज खरा नाही. इंग्रजी विकिपीडियावर जातींच्या लेखांत वर्षानुवर्षे एक खेळ चालतो. कुणीतरी येतो आणि आपल्या जातीला राजवंशी, क्षत्रिय ठरवणारी वाक्ये घुसडून जातो. आधाराला ब्रिटिश काळातल्या अधिकाऱ्यांची जातवर्णने देतो. तिथल्या संपादकांनी चर्चा करून ठरवले की राजवटीच्या काळातले हे ग्रंथ जातीच्या इतिहासासाठी विश्वासार्ह धरायचे नाहीत. रोज ही वाक्ये काढणारी, शिव्या खाणारी, पुन्हा काढणारी माणसे कोण आहेत, कुठल्या जातीची, कुठल्या देशाची, आपल्याला ठाऊक नाही. ती आपल्या मोर्चात येत नाहीत. पण जातीचा खोटा अभिमान रोखण्याचे काम ती करतात. त्यांच्या चर्चापानावर जाऊन दोन ओळींचे आभार लिहिणे आणि त्यांच्या बाजूने एक चांगला संदर्भ जोडणे, ही मैत्री आहे.

आणि संदर्भ हाच आपला कच्चा दुवा आहे. विकिपीडियावर स्वतःचे संशोधन चालत नाही. जे दुसरीकडे छापून आले आहे तेच घेता येते. आपला बराच इतिहास आजीच्या आठवणीत, जलशात, जयंतीच्या स्मरणिकेत पडून आहे. व्यवस्थेने ज्यांना छापखान्यापासून दूर ठेवले त्यांच्याकडे छापील पुरावा मागणे, हा अन्याय आहेच. पण तो नियम आपल्यासाठीच बनवलेला नाही, आणि त्याच नियमाने वर सांगितलेले जातींचे गप्पाष्टकही रोखले जाते. म्हणून उपाय ठाऊक हवा. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून, त्यांच्या मुलाखती घेऊन 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली आणले. दोघींच्या त्या पायपिटीमुळे ज्यांची नावे कुठल्याच ग्रंथात नव्हती त्या स्त्रियांवर आज संदर्भासह लिहिता येते. 'बहिष्कृत भारत', 'मूकनायक', खैरमोड्यांचे चरित्रखंड, महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेले इंग्रजी खंड आपल्या कपाटात आहेत. ते हार घालायला आहेत की पान क्रमांक द्यायला?

तेव्हा कामाची पद्धत ठरवू या. एकट्याने भिडू नका, चार-पाच जणांचा गट करा. ज्येष्ठांनी पुस्तक उघडून पान शोधावे, तरुणांनी टंकलेखन करावे, एकाने शुद्धलेखन पाहावे. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला उत्साहाने येऊन उरलेले वर्ष गायब होऊ नका. जो फक्त आपल्याच लेखांपुरता येतो त्याचा शब्द तिथे हलका पडतो. नदीवर, धरणावर, एखाद्या खेळाडूवरही लिहा. मजकूर उडवला गेला तर पुन्हा पुन्हा तोच चिकटवू नका. इंग्रजी विकिपीडियावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचे संपादन उलटवले तर बाजू खरी असूनही बंदी येते. चर्चापानावर जा, संदर्भ ठेवा, समोरच्याचा संदर्भ मागा. व्हॉट्सॲपवरून पन्नास पोरे बोलावू नका. तिथे डोकी मोजत नाहीत, मुद्दा तोलतात, आणि झुंड आली की आपला खरा मुद्दाही पडतो.

आणि तिथल्या जुन्याजाणत्या संपादकांनाही आमचे रोखठोक सांगणे आहे. नवख्याचा मजकूर एका कळीत उडवण्याआधी त्याला दोन वाक्यांत कारण सांगा, संदर्भ कसा द्यायचा ते दाखवा. त्याचा स्वर चढा असेल, पण तो काय म्हणतो आहे ते आधी तपासा. सद्भावना गृहीत धरायची असेल तर ती आमच्या पोरांचीही धरा. विश्वकोश सर्वांचा आहे असे म्हणायचे आणि शेवटचा शब्द ठरावीक चौघांचाच ठेवायचा, हे चालणार नाही.

या आठवड्यात प्रत्येक गटाने एक लेख निवडावा. आपल्या तालुक्यातला एखादा सत्याग्रह, एखादे वसतिगृह, एखादी कार्यकर्ती. तीन छापील संदर्भ शोधावेत, पान क्रमांकासह लिहावे आणि चर्चापानावर पहिली ओळ आपण टाकावी की चूक दिसली तर सांगा, आम्ही इथेच आहोत.

जय भीम!