लो-आयोडीन डाएट: अळणी नाही आणि कायमचंही नाही

थायरॉइडच्या कर्करोगाचं निदान होतं, शस्त्रक्रियेनं ग्रंथी काढली जाते आणि मग काही रुग्णांना डॉक्टर सांगतात, "आता रेडिओॲक्टिव्ह आयोडीन द्यायचं आहे. त्याआधी एक-दोन आठवडे लो-आयोडीन डाएट करा." सोबत एक छापील कागद मिळतो. अल रीम आयलंडवर आमच्या शेजारच्या ताईंना मिळालेल्या कागदावर बेगल, मेपल सिरप आणि टर्की होती. पोहे, वरण, भाकरी, पापड यांचा पत्ताच नव्हता. घरात सगळ्यांना एवढंच कळलं की मीठ बंद. म्हणून चार दिवस त्या अळणी मुगाची खिचडी खात होत्या.

माझं म्हणणं असं आहे: हे पथ्य मराठी स्वयंपाकघराला मुळीच अवघड नाही. पण ते आपल्या स्वयंपाकाच्या भाषेत कुणी सांगत नाही. त्यामुळे आपण नको तिथे अति करतो आणि खरं जपायचं तिथे गाफील राहतो.

आधी गणित पाहू

थायरॉइडच्या पेशी रक्तातलं आयोडीन ओढून घेतात. साधं आयोडीन-१२७ आणि किरणोत्सारी आयोडीन-१३१ यांच्यातला फरक त्यांना कळत नाही. शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या थायरॉइडच्या आणि कर्करोगाच्या पेशींपर्यंत किरणोत्सार पोचवायचा तो याच सवयीचा फायदा घेऊन. ही कल्पना जुनी आहे. बोस्टनमध्ये सॉल हर्ट्झ यांनी १९४१ साली अतिक्रियाशील थायरॉइडच्या रुग्णाला पहिल्यांदा किरणोत्सारी आयोडीन दिलं. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३पासून याच क्षेत्रात काम करतं आहे.

आता मात्रा बघा. १०० मिलिक्युरी हा कर्करोगासाठी दिला जाणारा एक नेहमीचा डोस. त्यातल्या आयोडीन-१३१चं वजन एक मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी, साधारण ०.८ मायक्रोग्रॅम भरतं. प्रौढ माणसाला रोज लागणारं आयोडीन १५० मायक्रोग्रॅम. म्हणजे रोजच्या जेवणातलं आयोडीन औषधाच्या दीडशे-दोनशे पट असतं. पेशीच्या दाराशी एवढी गर्दी असेल, तर औषधाचा किती भाग आत शिरेल? ही गर्दी कमी करणं, एवढाच या पथ्याचा हेतू. दिवसाला ५० मायक्रोग्रॅमच्या आत राहायचं असतं.

कमी करायचं आहे ते आयोडीन, सोडियम नाही

'पथ्य' म्हटलं की आपल्याला आधी अळणी जेवण आठवतं. इथे तेच चुकतं. मीठ खायचंच आहे, फक्त ते आयोडीन न घातलेलं हवं. भारतात ग्राहकाच्या हाती येणाऱ्या मिठात किमान १५ पीपीएम, म्हणजे ग्रॅममागे १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असावं असा नियम आहे. अशा मिठाच्या एका चहाच्या चमच्यातच दिवसाची मर्यादा ओलांडली जाते. पण म्हणून मीठच सोडलं, तर दुसरं संकट उभं राहतं. उपचाराआधी काहींची थायरॉक्सिनची गोळी थांबवलेली असते. त्यात अळणी जेवण आणि भरपूर पाणी याची भर पडली की रक्तातलं सोडियम खाली जाऊ शकतं. या काळात सोडियम घसरून रुग्णांना रुग्णालयात दाखल करावं लागल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. वयस्कर रुग्णांनी इथे विशेष जपायला हवं.

मीठ निवडताना रंगावर किंवा खड्यांवर जाऊ नका. खडे मीठ हे मिठागरातलं, म्हणजे समुद्राचंच. ते पथ्याच्या याद्यांत वर्ज्य असतं. सैंधव उपासाला चालतं म्हणून इथेही चालेल असं गृहीत धरू नका. पाकिटातल्या काही सैंधवातही आयोडीन घातलेलं असतं. अबू धाबीत लेबल अरबी आणि इंग्रजीत असतं. अरबीत आयोडीनला 'यूद' म्हणतात. 'आयोडाइज्ड' किंवा 'पोटॅशियम आयोडेट' दिसलं तर ते पाकीट परत ठेवा. शंका असेल तर पाकिटाचा फोटो काढून न्यूक्लिअर मेडिसिन विभागालाच विचारा.

ताटात काय वाढायचं?

भात, पोहे, ज्वारी-बाजरीची भाकरी, घरी केलेली पोळी, तुरीचं किंवा मुगाचं वरण, ताज्या भाज्या, सोललेला बटाटा, फळं, बिनखारे शेंगदाणे, तेल, साखर: सगळं चालतं, मीठ तेवढं योग्य हवं. साबुदाण्याची खिचडी शेंगदाण्याचं कूट घालून, पण तेलात. अंड्याचा पांढरा भाग चालतो, बलक नाही.

वर्ज्य काय? सुरमई, कोलंबी, बोंबील, सोडे, जवळा, म्हणजे समुद्रातलं सगळंच. दूध, दही, ताक, पनीर आणि इथलं लबनेही. गुरांच्या खाद्यातून आणि सडांना लावायच्या जंतुनाशकातून दुधात आयोडीन उतरतं. म्हणून चहा कोरा. सोयाबीन नको. राजमा आणि चवळी काही याद्यांत वर्ज्य आहेत. विकतचा पाव, फरसाण, पापड, लोणचं, फ्रोझन पराठे यांत कुठलं मीठ पडलं आहे ते कळत नाही, म्हणून तेही नको. लाल रंगाची मिठाई आणि सरबतंही टाळा. एरिथ्रोसिन (ई१२७) या रंगाच्या रेणूतच आयोडीन असतं.

ताटाबाहेर जास्त धोका

परदेशी राहणाऱ्यांनी हे नीट वाचावं. आपल्यापैकी बरेच जण तपासण्या सुट्टीत पुण्या-मुंबईत करतात आणि उपचार इथे घेतात. सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून जे कॉन्ट्रास्ट देतात, त्यात २०-३० ग्रॅम आयोडीन असू शकतं. बहुतेक रेणूत बांधलेलं असलं, तरी सुटणारा थोडासा अंशही जेवणातल्या मायक्रोग्रॅमपुढे प्रचंड ठरतो. त्यानंतर साधारण महिना-दोन महिने थांबावं लागतं. हृदयाच्या ठोक्यांसाठी दिल्या जाणाऱ्या अमिओडॅरोनच्या २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं. पोव्हिडोन-आयोडीनच्या गुळण्या आणि मल्टिव्हिटॅमिनही यादीत येतात.

पंधरा दिवस दही सोडलं आणि गेल्या महिन्यातलं सीटी स्कॅन सांगायचं राहिलं, तर पथ्य वायाच गेलं. गेल्या काही महिन्यांतल्या तपासण्या आणि औषधं लिहून न्या. मात्र कुठलीही गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका.

पुरावा किती भक्कम?

पथ्यानं लघवीतलं आयोडीन कमी होतं, हे दिसलेलं आहे. अंतिम निकाल त्यामुळे किती सुधारतो याचा पुरावा मात्र कच्चा आहे. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनीही एक-दोन आठवड्यांच्या पथ्याची शिफारस 'कमकुवत' या वर्गातच ठेवली आहे. तरीही ते करावं असं मला वाटतं, कारण अवधी थोडा आहे आणि नीट केलं तर त्रास कमी आहे. पण चुकून एखादा दुधाचा चहा प्यायलात तर रडत बसू नका. डॉक्टरांना सांगा आणि पुढे चला.

आणि नंतर?

रुग्णालय सांगेल त्या दिवशी नेहमीचं जेवण सुरू करा. घरच्यांसाठी आयोडीनयुक्त मीठ परत आणा. 'थायरॉइडला सैंधव चांगलं' असे संदेश वाचून अख्खं घर त्यावर नेऊ नका. भारतात कांगडा खोऱ्यात १९५६पासून झालेल्या प्रयोगानं दाखवून दिलं की मिठात आयोडीन घातल्यानं गलगंड कमी होतो. गरोदर स्त्रीला तर रोज २५० मायक्रोग्रॅम लागतं. तिला आणि लहान मुलांना या पथ्यात ओढू नका.

अबू धाबीत भारतीय रुग्ण अपवाद नाहीत. इथल्या रुग्णालयांनी भारतीय जेवणाची वेगळी यादी द्यायला हवी आणि आपण ती मागायला हवी. पण तोवर वाट कशाला बघायची? आपल्या मंडळांमध्ये डॉक्टर आहेत, आहारतज्ज्ञ आहेत, सुगरणी आहेत. एका बैठकीत मराठी ताटाचं एक पान तयार होईल. ते न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि मंडळाकडे ठेवा. पुढच्या ताईला अळणी खिचडीवर दिवस काढावे लागणार नाहीत.