पुढचं ओझं

परवा रात्री जेवण आटोपून पडवीत बसलो होतो. परतीचा पाऊस नुकताच थांबलेला, वाडीतल्या पोफळींवरून पाणी टपकत होतं आणि वीज नेहमीप्रमाणे गेलेली. तेवढ्यात फोन वाजला. अमेरिकेतून भाचा. त्याच्याकडे सकाळ होती आणि स्वारी वैतागलेली होती.

हा भाचा राहतो न्यूयॉर्क राज्यात, बफेलो शहराबाहेर. तिथला बर्फ म्हणजे गंमत नाही. ईरी नावाचं अफाट तळं आहे, त्याच्या पाण्यावरून थंड वारा आला की वाफ उचलतो आणि काठावर येऊन बर्फ ओतून मोकळा होतो. २०२२ च्या डिसेंबरात तिथे हिमवादळ झालं तेव्हा डझनावारी माणसं दगावली. आमच्या ताईला इथे दोन रात्री झोप नव्हती. त्याचं घर रस्त्यापासून बरंच आत आहे, शेजारी दोन म्हातारी जोडपी. म्हणून यंदा पठ्ठ्यानं ठरवलं की आपल्या डिझेल पिकअपला पुढे स्नो प्लाऊ बसवायचा आणि तिन्ही घरांचा रस्ता आपणच साफ करायचा.

प्लाऊ म्हणजे नांगर खरा, पण हा जमीन फाडत नाही, नुसता ढकलतो. आपल्याकडे पेण-उरणच्या मिठागरांत मीठ ओढून ढीग करायला लांब दांड्याची फळी असते ना, तसं समजा. फक्त ही फळी लोखंडाची, आठ-साडेआठ फूट रुंद, हायड्रॉलिकवर वरखाली होणारी. खाली लपलेला दगड लागला तर मोडू नये म्हणून तिला स्प्रिंगा असतात, धक्का बसला की फळी वाकते आणि परत उभी राहते. यातला भारी प्रकार, मधून दुमडणारा, चारशे किलोच्या आसपास भरतो.

भाच्याला हाच भारी प्रकार हवा होता. दुकानदारानं त्याच्या गाडीचं मॉडेल, इंजिन, केबिन असं सगळं कंप्युटरवर घातलं आणि सांगितलं, "हा तुमच्या गाडीला चालणार नाही. हलका घ्या, नाहीतर नको." भाचा म्हणाला पैसे देतो. तो म्हणाला, पैशाचा प्रश्न नाही, मी बसवणार नाही.

"मामा, एवढी मोठी डिझेलची गाडी, बोट ओढते आणि हे म्हणे चालणार नाही! तुझ्या गॅरेजमध्ये बरं असतं. तू तर वेल्डिंग करून काहीही बसवून देतोस."

तो सहज बोलला. मी हसलो. पण फोन ठेवल्यावर ते वाक्य काही केल्या मनातून जाईना. ते का, हे सांगायलाच आज लिहायला बसलोय.

आधी त्या दुकानदाराचं गणित सांगतो, कारण ते बरोबर होतं. आपल्याला वाटतं चारशे किलो म्हणजे चारशे किलो. गाडीत चार पोती जास्त. पण पोती कुठे ठेवलीत यावर सगळं आहे. बैलगाडी हाकलेल्या कुणालाही विचारा. मागे जास्त भरलं की गाडी उलार होते, पुढे जास्त भरलं की बैलांच्या मानेवर येतं. माल तोच, गाडी तीच.

पिकअपच्या दोन्ही आसांमध्ये अंतर धरा चार मीटर. प्लाऊ टांगलेला पुढच्या आसाच्याही पुढे सव्वा मीटरवर. बर्फ ढकलताना तो जमिनीला टेकतो, पण वर उचलून रस्त्यानं निघालात की तो नुसता लोंबकळतो. मग पुढच्या चाकांवर चारशे नाही, सव्वापाचशे किलो येतात! वरचे सव्वाशे कुठून आले? मागच्या चाकांवरून उचलले गेले. म्हणजे पुढची चाकं दबली आणि मागची हलकी झाली. म्हणूनच तिकडे प्लाऊ लावला की मागच्या आसाच्याही मागे वाळूची पोती टाकायला सांगतात.

आता डिझेलचं. डिझेल म्हणजे ताकद, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण त्या मोठ्या पिकअपचं डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा दीड-दोनशे किलोनं तरी जड असतं आणि तेही पुढच्या चाकांवरच बसलेलं. पुढचा आस किती पेलणार याचा आकडा दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. त्यातला मोठा वाटा इंजिनानं आधीच खाल्लेला. त्यात चार दारांची केबिन. म्हणजे गाडी जितकी दणकट दिसते तितकी पुढे जागा कमी! ओढायची ताकद वेगळी आणि उचलायची वेगळी. बोट मागून ओढली जाते, प्लाऊ पुढे उचलावा लागतो.

असो. हे झालं बफेलोचं. आता आमच्या चौलचं.

आमच्या नात्यातल्या सगळ्यांना माहीत आहे की माझ्या धाकट्या चुलतभावाची पिकअप आहे. रेवदंडा-थेरोंड्याहून मासळी भरायची, बर्फ टाकायचा आणि रातोरात वडखळ-पेणमार्गे मुंबई. हंगामात पांढरा कांदाही भरतो. २०१८ साली जून-जुलैच्या मासेमारीबंदीत गाडी उभी होती, तेव्हा त्यानं पुढे गार्ड बसवायचं काढलं. जाड पाइप, खाली चॅनल, मधे जाळी. "दादा, वजन बघ कसं आहे!" असं कौतुकानं म्हणाला होता. ऐंशी किलो तरी असेल. सोबत मागचे दोन-दोन पाटेही वाढवून घेतले.

चेसीसला भोकं माझ्या गॅरेजात पडली. ड्रिल माझं, मशीन माझं, वेल्डिंग माझ्या पोरानं केलं. मला गणित येत नव्हतं असं नाही. गार्ड आसाच्या पाऊण मीटर पुढे आणि आसांमध्ये तीन मीटर, म्हणजे ऐंशीचे पुढे शंभर होतात. स्टिअरिंग जड होणार, पुढचे टायर आणि बेअरिंग लवकर जाणार. वाढवलेल्या पाट्यांमुळे रिकामी गाडी मागून उडणार आणि कार्ले खिंडीच्या उतारावर पावसात ब्रेक मारला की मागचा भाग हलका पडणार. हे सगळं माझ्या मनात आलं होतं.

आणखीही एक माहीत होतं. २०१७ च्या डिसेंबरातच केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं सगळ्या राज्यांना कळवलं होतं की असे गार्ड लावणाऱ्यांवर कारवाई करा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मनानं बदल करायचा नाही. पेपरात आलं होतं, वाचलं होतं.

तरी मी बोललो नाही. का? तो भाऊ होता, हौसेनं आला होता. मी नाही म्हटलं असतं तर तो पुढच्या नाक्यावर गेला असता आणि त्यांनी कच्चं वेल्डिंग केलं असतं. मी निदान पक्कं केलं. (ही पळवाट आम्हा गॅरेजवाल्यांची फार आवडती आहे.)

गार्डच्या बाजूनंही बोललं पाहिजे. ३ जून २०२०, निसर्ग वादळ. चौलच्या वाड्या आडव्या झाल्या, रस्त्यांवर सुपारी, नारळ, आंब्याची झाडं. जेसीबी येणार कधी? त्या दिवशी भावानं त्याच गार्डला दोर बांधून रिव्हर्समध्ये झाडं ओढली आणि आमच्या आळीचा रस्ता संध्याकाळपर्यंत मोकळा केला. लोकांनी पाठ थोपटली. मीही म्हटलं, बरं झालं बसवलं. नंतर गाडी खाली घेतली तेव्हा चेसीसचं उजवं टोक थोडं वाकलेलं दिसलं. सरळ केलं आणि विसरून गेलो.

२०२१ च्या गणपतीच्या आदल्या दिवशी आमच्या आळीतल्या एक काकी, सत्तरीच्या, दुर्वा घेऊन कडेनं चालल्या होत्या. भाऊ वळणावरून आला. वेग वीसच्या वर नव्हता, हे मी शपथेवर सांगतो, कारण मी गॅरेजच्या दारात उभा होतो. त्यानं ब्रेक मारला, गाडी थांबता थांबता गार्डचा कोपरा काकींच्या कमरेला लागला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, भावानं खर्च केला, आपसात मिटलं. काकी आज वॉकर घेऊन चालतात. दुर्वा आता त्यांची सून आणते.

गार्ड नसता तर काय झालं असतं? छातीठोक सांगता येणार नाही. लागलं असतंच. पण बोनेटचा पत्रा दबतो, प्लास्टिकचा बंपर मोडतो. ते मोडतात म्हणून माणूस थोडा वाचतो. तीन इंची पाइप दबत नाही. तो चेसीसला बोल्ट केलेला असतो, म्हणजे दीड-दोन टनांची गाडी एका पाइपाच्या टोकातून माणसाला लागते. आणि लागते नेमकी कमरेला, किंवा लहान पोराच्या डोक्याला. युरोपात २००५ सालीच यासाठी वेगळे नियम झाले, पायी चालणाऱ्यांचा विचार करून. आतल्यांचंही भलं होतं असं नाही. एअरबॅग असेल तर ती कधी उघडायची हे गाडी समोरच्या धक्क्यावरून ठरवते. मधे लोखंड घातलं की तो हिशोब बदलतो.

घरात आजवर सगळे भावालाच बोल लावत आले. "गाडी नीट चालवत नाही." मीही ते ऐकून घेत आलो. आज सांगतो, त्यात निम्मी चूक माझी. त्यानं गाडी चालवली, पण ते लोखंड पुढे मी टांगलं.

आता माझं मत. कायदा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं अशा बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैदही सांगितली. पण आरटीओ प्रत्येक वळणावर उभा राहणार नाही. गाडीला भोक पडतं गॅरेजात, तेव्हा पहिला 'नाही' तिथेच यायला हवा. डॉक्टर पेशंटनं मागितलं म्हणून वाटेल ते औषध देत नाही ना? मग आम्ही का वाटेल ते वेल्ड करून द्यावं? आपल्याकडे चांगला मिस्त्री म्हणजे जो काहीही बसवून देतो तो. 'त्याला अशक्य काही नाही' हे आमचं सगळ्यात मोठं सर्टिफिकेट! मला ते तीस वर्षं मिळत होतं आणि आवडतही होतं. माझ्या भाच्यानं परवा तेच दिलं.

गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, हे खरं आहे. काकींच्या प्रकारानंतर मी भावाचा गार्ड कापून भंगारात घातला आणि तेव्हापासून गार्ड आणि वाढीव पाट्यांची कामं घेत नाही. काही नेहमीचे लोक तुटले, काही जण "मिस्त्री म्हातारा झाला" म्हणतात. पण दोघं-तिघं असेही निघाले की मी कागदावर गणित मांडून दाखवलं तेव्हा गप्प झाले आणि गाडी तशीच परत घेऊन गेले. त्यांना आजवर कुणी हिशोब सांगितलाच नव्हता.

भाच्याला मी दुसऱ्या दिवशी फोन केला. म्हटलं, "तो दुकानदार चांगला माणूस आहे, त्याचं ऐक. हलका प्लाऊ घे, मागे पोती टाक आणि वर उचलून जोरात चालवू नकोस." तो म्हणाला, "मामा, तूसुद्धा?" मग मी त्याला काकींची गोष्ट सांगितली. त्याला ती अपघात म्हणून माहीत होती, माझ्या ड्रिलची गोष्ट म्हणून नव्हती. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "बघतो."

घेईल की नाही माहीत नाही. पण तुमच्यापैकी कुणाच्या गाडीला पुढे असं लोखंड असेल, तर उद्या सकाळी गाडी काढण्याआधी एकदा तिच्यासमोर उभे राहा आणि पाइप आपल्या कुठे लागतो ते बघा. घरातल्या लहान पोरालाही उभं करून बघा. मग ठरवा.