उन्हापावसातलं बाक

मे महिन्यात दुपारी तीन वाजता जळगाव किंवा धुळ्यातल्या कुठल्याही उद्यानात जा आणि सिमेंटच्या बाकावर हात ठेवून पाहा. पाठीवर लोकप्रतिनिधींचं नाव, खाली ‘यांच्या सौजन्याने’, आणि बाक असं तापलेलं की बसणं दूरच, तळहातही टेकवत नाही. लोखंडी बाकाचं तर नावच काढायला नको. पारा 44-45 अंशांवर जाणाऱ्या आपल्या पट्ट्यात सिमेंट दिवसभर ऊन शोषून घेतं आणि रात्री जेवणं उरकली तरी ऊबच सोडत राहतं. लाकूडही तापतं, पण आतली उष्णता ते अंगाला झटकन देत नाही. त्यामुळे थोडी सावली मिळाली की लाकडी बाकावर दुपारीही बसता येतं. खान्देशात पाहुण्यांसाठी जागा उभारायची असेल, तर उघड्यावरचं फर्निचर लाकडाचंच हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र कुठलंही लाकूड चालणार नाही.

हा विषय आत्ताच घेण्याचं कारण आहे. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आलं आणि 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आलं. अजिंठ्याला जाणारा प्रवासी जळगावात उतरतो, पुढे फर्दापूरपर्यंत साधारण 60 किलोमीटर जातो. पाटणादेवी, पाल, अनेर धरण, तोरणमाळ ही सगळी ठिकाणं गाडी घेऊन मुक्काम करणाऱ्यांना साजेशी आहेत. शिवाय हिवाळ्यात शेताशेतात भरीत पार्ट्या रंगतात. रावेर-यावलच्या केळीबागांत, तापीकाठच्या मळ्यांत नवी केंद्रं निघताहेत. मालक खोल्यांवर, शौचालयांवर, विजेवर नीट खर्च करतात. बाहेरच्या बैठकीची वेळ आली की मात्र फोटो पाहून मागवलेला सेट येतो, आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर तो सरपणाला जातो.

असं एक बाक मी केळीच्या बागेत पाहिलं. वरून चकचकीत, मधासारखा रंग. मालक म्हणाले, ‘सॉलिड वुड आहे भाऊ, प्लाय नाही.’ सोबतच्या सुतारमामांनी पटाशीचं टोक पायाच्या खालच्या बाजूला हलकेच टेकवलं, तर ते लोण्यात जावं तसं बोटभर आत गेलं. आतला भुसा ओला होता आणि वाळवीने मातीच्या नळ्या पार आडव्या पट्टीपर्यंत नेल्या होत्या. लाकूड रबराच्या झाडाचं होतं. चीक देणं थांबलं की ही झाडं तोडतात आणि त्यांच्या लाकडाचं घरातलं फर्निचर करतात. घरात ते चांगलं टिकतं. बाहेर टिकण्याची ताकद त्यात मुळातच नाही. मालकांना फसवल्याचंही म्हणता येणार नाही, कारण ‘सॉलिड वुड’ हे खरंच होतं. ते बाहेर चालेल का, एवढंच कुणी विचारलं नव्हतं.

मग बाहेर काय चालतं? याचं उत्तर आपल्या देशाने फार पूर्वीच शोधून ठेवलंय. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत वेगवेगळ्या झाडांच्या लाकडाचे खुंट अर्धे जमिनीत पुरून ते किती महिने तग धरतात हे पाहिलं जातं. त्यावरून भारतीय मानक 401 मध्ये तीन वर्ग केले आहेत. सरासरी 120 महिने किंवा जास्त टिकणारं लाकूड पहिल्या वर्गात, 60 ते 120 महिने टिकणारं दुसऱ्यात आणि त्याहून कमी टिकणारं तिसऱ्यात. साग पहिल्या वर्गात आहे, आंबा तिसऱ्यात. पण हे वर्ग फक्त गाभ्याच्या लाकडाचे आहेत, आणि आपल्याकडच्या बहुतेक निविदा नेमक्या इथेच चुकतात. सालीलगतचं पांढुरकं लाकूड सागाचं असलं तरी बाहेर टिकत नाही. वाळवीला नकोसं वाटणारं द्रव्य गाभ्यात असतं, पांढऱ्या भागात नसतं. कोवळ्या झाडात गाभा कमी, पांढरं जास्त. निविदेत नुसतं ‘सागवान’ लिहिलं आणि सर्वांत कमी दर मंजूर केला की हेच कोवळं, पट्टेरी लाकूड येतं, वर गडद पॉलिश चढवून. पॉलिशच्या आधी माल पाहायला जा. दोन रंग शेजारी शेजारी दिसले तर परत पाठवा.

सागाची जिद्द किती असावी याचा पुरावा आपल्या मुंबईतूनच गेलेला आहे. वाडिया घराण्याने मुंबईच्या गोदीत मलबारी सागापासून बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका 1817 मध्ये पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. पुढे ब्रिटनमध्ये मोडीत निघालेल्या जहाजांच्या सागापासून बागेतली बाकं करणं हा धंदाच झाला. आपल्याकडे जहाजं नसतील, पण धाब्याची घरं आहेत. चोपडा, अमळनेर, पारोळा, शिरपूर, कुठेही जुनं घर पाडलं की त्यातून खांब, तुळया निघतात. कित्येक दशकं वाळलेलं, पिळून-वाकून स्थिरावलेलं ते लाकूड. खिळे काढायचं कष्टाचं काम आहे, करवतीची पाती खराब होतात, तरीही बाकासाठी यापेक्षा उत्तम माल मिळणं कठीण. भंगाराच्या भावात ते जाऊ देऊ नका.

नवा साग घ्यायचा तर वनखात्याच्या डेपोतला किंवा पक्क्या बिलाचा, वाहतूक परवाना असलेलाच घ्या. सातपुड्यातली सागतोड ही आपल्या डोळ्यांसमोरची जखम आहे. ज्या जंगलाच्या जोरावर पाहुणे बोलवायचे, त्याच जंगलातल्या चोरट्या लाकडावर त्यांना बसवायचं, हे मला अजिबात मान्य नाही.

आपल्या भागाचं खास लाकूड म्हणजे अंजन. कोरड्या, खडकाळ टेकड्यांवर हा वृक्ष तग धरतो. याचं लाकूड पाण्यात बुडण्याइतकं जड, आणि टणक असं की रंध्याचं पातं बोथट होतं. वाळताना त्याला बारीक भेगा पडतात, त्यामुळे फळ्यांना ते योग्य नाही. कायदेशीर मार्गाने मिळालं तर खांबांसाठी मात्र बेलाशक वापरा. बाभूळ बैलगाड्यांतून आपण पिढ्यान्‌पिढ्या पारखलेली आहे. तिचाही गाभाच घ्यावा. वनाबाहेर वाढवलेला बांबू 2017 पासून कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून वगळलेला आहे, त्यामुळे मिळायला सोपा. पण मातीत रोवलेला, प्रक्रिया न केलेला बांबू एक-दोन वर्षांतच जातो आणि बोरॅक्सची प्रक्रिया पावसात धुऊन निघते. बांबूची बैठक छपराखालीच शोभते.

लाकूड योग्य निवडलं तरी घडण चुकली तर सगळं वाया. पाय कधीही मातीत पुरू नका. पायाच्या खालच्या टोकाला लाकडाच्या सूक्ष्म नळ्या उघड्या असतात, त्या पाणी वर ओढतात. खाली काळ्या दगडाची चीप ठेवा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून चिपेखाली मुरूम दाबून घ्या. बसायच्या फळ्यांत पाच-सहा मिलिमीटर फट हवी, पाणी साचता कामा नये. स्क्रू आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. साध्या लोखंडाने लाकडावर काळे डाग येतात आणि मग सांधा सैल होतो. लाकूड नीट वाळलेलं हवं, नाहीतर आपल्या एप्रिलच्या कोरड्या हवेत ते आकसतं आणि मार्चमधलं घट्ट बाक जूनमध्ये कुरकुरतं.

व्हार्निशचा मोह टाळा. आपल्या उन्हात त्याचे पापुद्रे सुटतात, त्याखाली पाणी शिरतं आणि कोंडतं. साग उघडा ठेवला तर दोन-तीन वर्षांत राखाडी होतो. ते म्हातारपण फक्त वरच्या कातडीचं, आत लाकूड ठणठणीत असतं. रंग राखायचाच असेल तर दिवाळीनंतर एक आणि मृगाआधी एक असा तेलाचा हात द्या.

आणखी एक गोष्ट, जी परदेशी चित्रं पाहून काम देणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. टेबलाला बाक जोडलेला नमुना सगळीकडे दिसतो. त्यात बसायला पाय उचलून आत टाकावा लागतो. नऊवारी असो की पाचवारी, साडी नेसलेल्या बाईला ते अवघड जातं. गुडघे दुखणाऱ्या आजोबांना तर अशक्यच. कुटुंबं येणार ती तीन पिढ्यांची. बाकं सुटी ठेवा, पाठ द्या, उठताना जोर द्यायला हात द्या, बसायची उंची जमिनीपासून 45 सेंटीमीटरच्या आसपास ठेवा. भरिताच्या पंगतीसाठी लांब टेबल करा, फळ्या सुट्या काढून धुता येतील अशा. तेल सांडणारच.

हे सगळं महाग आहे, अशी तक्रार होते. समजा, गाभ्याच्या सागाचं बाक तयार सेटच्या तिप्पट किमतीला पडलं. सेट दोन वर्षं टिकला आणि बाक पंधरा, तर वर्षाचा हिशेब शेतकऱ्याला मी सांगायला नको. शिवाय ते पैसे गावातल्या सुताराच्या हाती पडतात आणि एखादी पट्टी मोडली तर तोच दुसऱ्या दिवशी येऊन बदलून देतो.

ग्रामपंचायती, वनविभागाच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या, पर्यटन केंद्रांचे मालक, सगळ्यांना माझी विनंती आहे. पुढचं अंदाजपत्रक करताना एक ओळ वाढवा: ‘फक्त गाभ्याचं, वाळवलेलं, परवान्याचं लाकूड, माल पॉलिशपूर्वी तपासला जाईल.’ आणि तपासायला स्वतः जा, पटाशीवाल्या सुतारमामांना सोबत घेऊन.